न मोडलेले सोने

सराफाच्या पेढीवर दोन वह्या असतात, एक विक्रीची आणि दुसरी मोडीची. विक्रीच्या वहीत दागिन्याला नाव असते: ठुशी, बोरमाळ, पाटली, कुड्या. मोडीच्या वहीत ते नाव गळते. तिथे वजन, कस, घट आणि शेवटी रक्कम एवढेच उरते. कोल्हापूरच्या गुजरीतल्या एका पेढीवर मी सतरा वर्षे या दोन्ही वह्या लिहिल्या. आईची जोंधळी पोत १९९८ साली घराच्या कामासाठी मोडीत निघाली, ती नोंदही माझ्याच हातची. वजन अजून पाठ आहे. पण तिचे मणी कसे गुंफले होते, फासा कसा बसत होता, हे काही केल्या आठवत नाही. घरात तिचा एकच फोटो आहे. त्यात आई दिसते, पोत पदराखाली गेली आहे.

प्राचीन ग्रीसच्या सुवर्णालंकारांकडे मी वळले ती या रुखरुखीतून. पुरातत्त्वाची पदवी माझ्याजवळ नाही. ग्रीक लिपी मी चाळिशी उलटल्यावर गिरवली. पुढे ज्या वस्तूंबद्दल लिहिणार आहे त्या मी छायाचित्रांतून आणि संग्रहालयांच्या सूचींतून पाहिल्या आहेत. तरीही मोडीची वही लिहिलेल्या माणसाला एक प्रश्न हटकून पडतो. दोन-अडीच हजार वर्षे हे सोने मोडले कसे गेले नाही?

या विषयावरचे लोकप्रिय लेखन बहुधा दोन वाटांनी जाते. एक वाट वैभवाची: किती सोने, कोणाचा मुकुट, केवढी किंमत. दुसरी वाट प्रतीकांची: साप म्हणजे पुनर्जन्म, डाळिंब म्हणजे सुफलता, ओक म्हणजे झ्यूस. पहिल्या वाटेवर वजन मोजले जाते, दुसरीवर चिन्हांचा कोश उघडला जातो. दागिना घडला कसा, हा प्रश्न दोन्हीकडे शेवटच्या परिच्छेदात ढकललेला असतो. माझे म्हणणे असे की तिथूनच सुरुवात करायला हवी. ग्रीक दागिन्याचा अर्थ त्याच्या घडणीत बसलेला आहे. घडण दृष्टीआड केली की वजनवाल्याला नुसते सोने दिसते आणि प्रतीकवाल्याला नुसती चित्रे.

*

आधी वजनाची गोष्ट. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरात फिडियासने घडवलेली अथीनाची हस्तिदंती-सुवर्ण मूर्ती इ. स. पू. ४३८मध्ये प्रतिष्ठापित झाली. सात वर्षांनी स्पार्टाशी युद्ध जुंपले, तेव्हा पेरिक्लीसने नागरिकांना शहराच्या ठेवींचा हिशेब सांगितला. थ्यूसिडिडीसच्या इतिहासात तो नोंदलेला आहे. त्या हिशेबात देवीच्या अंगावरचे चाळीस टॅलंट सोनेही होते. अथेन्सचा एक टॅलंट सुमारे २६ किलोंचा. म्हणजे हजार किलोंहून अधिक. ते सगळे सोने काढून घेता येईल असे बसवले होते. संकटात वापरावे आणि नंतर परत करावे, अशी तजवीज होती. देवीचे वस्त्र हाच राज्याचा राखीव खजिना.

संकटे आलीच. युद्धाच्या अखेरच्या वर्षांत, इ. स. पू. ४०७-४०६च्या सुमारास, विजयदेवता नाइकीच्या सोन्याच्या मूर्ती वितळवून अथेन्सने नाणी पाडली. पुढे इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावर लाकारीस नावाच्या हुकूमशहाने अथीनाच्या अंगावरचे सोने उतरवले. मूर्तीही कालांतराने नाहीशी झाली.

मंदिराच्या खजिनदारांच्या याद्या मात्र उरल्या, कारण त्या संगमरवरावर कोरलेल्या होत्या. कोणती वस्तू, कोणी वाहिली, वजन किती. या याद्या पहिल्यांदा वाचल्या तेव्हा मला आपल्या पेढीवर बसल्यासारखे वाटले. एका नोंदीत अलेक्झांडरची पत्नी रोक्साना हिने अथीनाला वाहिलेल्या सोन्याच्या पेयपात्राचा आणि गळ्यातल्या दागिन्यांचा उल्लेख आहे. बॅक्ट्रियाकडची ही राजस्त्री अथेन्सच्या देवीला काय देते, हे कळणे किती मोलाचे! पण ते पात्र नाही आणि ते दागिनेही नाहीत. ओळ आहे.

आता याच्या उलटे उदाहरण. क्रिमियातल्या केर्च शहराजवळ कुल-ओबा नावाचे थडगे आहे. १८३०मध्ये बांधकामासाठी दगड काढताना ते उघडे पडले. आत एक शक सरदार, त्याच्याबरोबर एक स्त्री, आणि ग्रीक कारागिरांनी घडवलेले सोने. पहारा ढिला पडताच लुटारू आत शिरले आणि हाती लागले ते वाटून घेतले. जे वाचले त्यात स्त्रीच्या कानशिलांजवळ लोंबणाऱ्या दोन मोठ्या चकत्या होत्या. आज त्या सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत.

या चकत्यांवर अथीनाचे मुख आहे, आणि ते पार्थेनॉनमधल्या मूर्तीवरून घेतलेले आहे. शिरस्त्राणावर मधोमध स्फिंक्स, दोन्ही बाजूंना पंखांचे घोडे, कडेला घुबड. खाली तारेच्या जाळीला टांगलेल्या बारीक सुरया आणि निळ्या-हिरव्या मिन्याचे ठिपके. मूळ मूर्तीच्या मस्तकाचा इतका बारकाईचा पुरावा फार थोड्या ठिकाणी मिळतो. हजार किलो सोने गेले आणि काळ्या समुद्राच्या काठी एका परक्या स्त्रीच्या कानांजवळ तळहाताहून लहान पत्रा उरला. अथेन्सने जी देवी वितळवली, तिचा चेहरा कुल-ओबाच्या मातीने जपला.

*

इथे अभ्यासकाने सावध व्हायला हवे. ‘ग्रीक दागिने’ म्हणून जे आपल्यासमोर येते ते मुख्यत्वे पुरलेले सोने आहे. जे पिढ्यानपिढ्या हातोहात फिरले ते केव्हाच मुशीत गेले. होमरच्या ‘ओडिसी’त पेनेलोपीचे मन वळवायला आलेले मागणीदार तिला दागिने पाठवतात, त्यात तुतीच्या फळासारख्या तीन लोलकांची कर्णभूषणे आहेत. असा भेटींचा व्यवहार जिवंत माणसांमध्ये चालायचा. आपल्यापर्यंत पोचला तो मेलेल्यांचा वाटा.

तो वाटाही सगळीकडून सारखा आलेला नाही. अभिजात काळातल्या अथेन्समध्ये थडग्यांत सोने ठेवण्याची चाल फारशी नव्हती. सोने मिळते ते मॅसिडोनिया, थ्रेस, दक्षिण इटलीतले तारांतो, काळ्या समुद्राचा किनारा अशा कडेच्या मुलखांतून. दुसऱ्या फिलिपने इ. स. पू. ३५६मध्ये क्रेनिडीस हे गाव ताब्यात घेऊन त्याचे नाव फिलिपी ठेवले. तिथल्या खाणी वर्षाला हजार टॅलंटहून अधिक उत्पन्न देत, असे डिओडोरस लिहितो. त्याच्या मुलाने इराणची कोठारे फोडली आणि सोन्याचा पूर वाहू लागला. तेव्हा इ. स. पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातली दागिन्यांची भरभराट पाहून ‘ग्रीकांची सौंदर्यदृष्टी परिपक्व झाली’ असे विधान करताना खाणी, लुटी आणि पुरण्याच्या रीती हे तिन्ही हिशेबात धरावे लागतात.

अथेन्स नेहमीच असे हात आखडून होते असेही नाही. १९६७मध्ये अरियोपागस टेकडीच्या उतारावर इ. स. पू. ८५०च्या सुमाराची एका स्त्रीची रक्षा सापडली. तिच्याबरोबर सोन्याची कर्णभूषणे होती. त्यांवर तारकाम आणि रवाकाम होते, आणि टोकाला बारीक डाळिंबे लोंबत होती. त्याच थडग्यात मातीची एक पेटी होती. तिच्या झाकणावर धान्याच्या पाच कणग्या घडवलेल्या होत्या. डाळिंब म्हणजे सुफलता, हे कोशातून सांगता येते. पण धान्याच्या कणग्यांशेजारी ठेवलेले डाळिंब त्या घराच्या जमिनीविषयी, कोठाराविषयी आणि त्या बाईच्या त्यातल्या हक्काविषयी काही सांगत असते. कणग्यांची पेटी नसती तर आपण पर्सेफोनीची कथा सांगून मोकळे झालो असतो.

*

आता घडणीकडे. आपल्याकडच्या सोनाराला ग्रीक दागिन्याची हत्यारे परकी वाटणार नाहीत: ऐरण, हातोडी, फुंकणी, मूस, ठसे. फरक तारेत आहे. आज तार छिद्रांच्या पोलादी पट्टीतून ओढतात. ग्रीक सोनार बहुतेक वेळा पत्र्याची अरुंद पट्टी कापून ती पिळत असे आणि मग दोन सपाट पृष्ठभागांत लाटत असे. म्हणून जुन्या तारेवर भिंगाखाली नागमोडी चढत जाणारी शिवण दिसते. ओढलेल्या तारेवर तारेच्या लांबीला समांतर ओरखडे असतात. एवढ्या एका खुणेवर कितीतरी बनावट दागिने उघडे पडले आहेत.

दुसरी गोष्ट पातळपणाची. हे दागिने छायाचित्रांत भरीव दिसतात, पण बहुतेक पोकळ असतात. ठशावर उठवलेल्या पत्र्याचे दोन अर्धे जोडून मणी, बी, सिंहाचे मुंडके तयार होते. बोस्टनच्या संग्रहालयात एक कर्णभूषण आहे. उंची जेमतेम दोन इंचांच्या आसपास. त्यात पंखधारी नाइकी दोन घोड्यांचा रथ हाकते. कितीतरी सुटे भाग जोडून हा रथ उभा केला आहे. सोन्याचे मोल तेथे किरकोळ, घडणावळ अफाट. पेढीच्या भाषेत सांगायचे तर हा मोडीला सर्वांत नुकसानीचा माल. मोडणाऱ्याच्या हाती चिमूटभर सोने येईल आणि जाईल ते परत मिळायचे नाही.

तिसरी गोष्ट रवाकामाची. खसखशीच्या दाण्याहून बारीक सोन्याचे गोळे पृष्ठभागावर एकेक बसवायचे आणि जोडताना त्यांच्यामधल्या फटी डागाच्या धातूने बुजू द्यायच्या नाहीत. एकोणिसाव्या शतकात रोमच्या कास्तेल्लानी घराण्याने प्राचीन दागिन्यांच्या हुबेहूब नकला करण्याचा ध्यास घेतला. या कामासाठी त्यांनी इटलीतल्या सांत’आंजेलो इन वादो या डोंगरी गावातले कारागीर आणले, कारण तिथे जुन्या पद्धतीचा अंश टिकून होता. त्यांची कामे देखणी होती. पण प्राचीन रव्यांचा बारीकपणा त्यांना पुरता साधला नाही. १९३३मध्ये एच. ए. पी. लिटलडेल या इंग्रज कारागिराने एका पद्धतीचे पेटंट घेतले, तेव्हा कोडे बरेचसे सुटले. तांब्याचा क्षार सरसात किंवा डिंकात कालवून रवे चिकटवायचे आणि तापवायचे. डिंकाचा कोळसा होतो, तो कोळसा तांब्याच्या संयुगातला प्राणवायू ओढून घेतो, आणि मोकळे झालेले तांबे सुमारे ८९० अंशांवर सोन्यात मिसळून सांधा धरते. शुद्ध सोने वितळते १०६४ अंशांवर. म्हणजे रवा वितळायच्या आत सांधा जुळलेला असतो. ग्रीक भाषेत अशा हिरव्या ताम्रखनिजाला ‘ख्रिसोकोला’ म्हणत. शब्दशः अर्थ सोन्याचा सरस. उत्तर नावातच होते. ग्रंथ वाचणारे ते शतकानुशतके वाचत होते. ते ओळखायला भट्टीशी बसलेला माणूस लागला.

*

घडणीतून पाहिले की प्रतीकेही वेगळी दिसू लागतात. सिंहाचे, मेंढ्याचे, सापाचे मुंडके ग्रीक दागिन्यात कुठे येते? बहुतेक वेळा टोकाला. पिळलेल्या तारांचे कडे किंवा कानातली बाळी जिथे संपते तिथे तारांची टोके झाकायला टोपण लागते, आणि तिथे सिंह बसतो. लहान चकती-फूल येते ते दोन भाग जोडल्याची जागा झाकायला. ‘सिंह म्हणजे शौर्य’ हे खोटे नाही. पण कारागिरापुढे आधी उघडे टोक होते, त्यावर त्याने रक्षण करणारा प्राणी ठेवला. जागा कच्ची म्हणून राखणदार हवा, हा विचार हाताचाही आहे आणि मनाचाही.

हेराक्लीसची गाठ हे याचे उत्तम उदाहरण. दोन फास एकमेकांत अडकवलेली ही गाठ इ. स. पू. चौथ्या शतकाच्या अखेरीपासून ग्रीक दागिन्यांत फार दिसते; थेसलीत सापडलेल्या शिरोबंधांच्या मध्यभागी ती लाल याकुतांनी मढवलेली आहे. प्लिनी सांगतो की या गाठीने बांधलेली जखम लवकर भरते. रोमन वधूच्या कमरपट्ट्याला हीच गाठ असे आणि ती वराने सोडायची असे. शिवाय मॅसिडोनियाचे राजघराणे स्वतःला हेराक्लीसचे वंशज म्हणवी, तेव्हा अलेक्झांडरच्या काळात ही गाठ मिरवण्याला राजकीय अंगही असणार. आरोग्य, विवाह आणि सत्ता यांपैकी खरा अर्थ कोणता? मला वाटते, प्रश्नच चुकीचा आहे. शिरोबंधाच्या दोन पट्ट्या जिथे बिजागरीने एकत्र येतात तिथे ही गाठ बसते. दोन गोष्टी बांधणे हे तिचे काम. कोण कोणाशी बांधले जात आहे, हे ज्या डोक्यावर तो शिरोबंध चढतो त्यावर ठरते.

प्रतीके प्रवास करतात तेव्हा तर कोश पारच अपुरा पडतो. तक्षशिलेच्या सिरकप भागात जॉन मार्शल यांना पंख असलेल्या अॅफ्रोडाइटीची सोन्याची प्रतिमा मिळाली. १९७८मध्ये व्हिक्टर सारियानिदी यांनी उत्तर अफगाणिस्तानात तिल्या तेपे येथे भटक्या सरदारघराण्याची थडगी उघडली. तिथेही पंखांची अॅफ्रोडाइटी आहे आणि तिच्या कपाळावर चक्क टिळ्यासारखी खूण आहे. ग्रीक अॅफ्रोडाइटीला ना पंख असतात ना टिळा. तिला ‘बिघडलेली ग्रीक’ म्हणणारे जुने अभ्यासक मूळ प्रत आणि नक्कल अशा भाषेत अडकले होते. जिने ती अंगावर घातली तिला ही देवी आपलीच वाटत असणार.

*

घडण न पाहण्याची किंमत किती मोठी असू शकते, याचा धडा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने घेतला. १८९६मध्ये त्यांनी सैताफर्नीस या शक राजाचा म्हणून एक सोन्याचा मुकुट दोन लाख फ्रँकांना विकत घेतला. त्यावर होमरच्या काव्यातले प्रसंग होते आणि ग्रीक शिलालेखही होता. विद्वानांनी प्रसंग ओळखले, लेख वाचला आणि माना डोलावल्या. जर्मन पुराविद आडोल्फ फुर्टवेंग्लर यांनी मात्र त्याच वर्षी तो बनावट असल्याचे लिहिले. वाद सात वर्षे चालला. अखेर १९०३मध्ये ओडेसाचा सोनार इझ्राएल रुखोमोव्स्की पॅरिसला आला, म्हणाला मुकुट माझा, आणि खात्री पटवायला त्याचा काही भाग सर्वांसमोर घडवून दाखवला. चित्रे वाचणाऱ्यांना जे दिसले नाही ते हातांनी सिद्ध झाले. मला या कथेत आणखी एक गोष्ट लागते. ग्रीक कुंभारांनी, चित्रकारांनी, रत्नांवर कोरणाऱ्यांनी आपापली नावे लिहून ठेवली. सोनारांची नावे जवळजवळ कुठेच नाहीत. प्राचीन ग्रीक दागिन्यांच्या इतिहासात सगळ्यांना ठाऊक असलेला एकच सोनार, आणि तो एकोणिसाव्या शतकातला नकलाकार!

दुसरा धडा ताजा आहे. अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयाने १९९३मध्ये एक मॅसिडोनियन सुवर्णपुष्पमाला अकरा लाख डॉलर्सहून अधिक देऊन घेतली. चोरट्या मार्गाने बाहेर गेलेली वस्तू म्हणून २००७मध्ये ती ग्रीसला परत करावी लागली. माला अखंड आहे, पाने-फुले जागच्या जागी आहेत. पण तिचे थडगे गेले. तिची तुलना मानोलिस आंद्रोनिकोस यांनी १९७७मध्ये व्हर्जिनाला शोधलेल्या ओकमालेशी करावी. तिची ३१३ पाने आणि ६८ फळे मोजता येतात, पण त्याहून मोलाचे म्हणजे ती सोन्याच्या पेटीत, जळालेल्या अस्थींबरोबर होती. त्या अस्थी दुसऱ्या फिलिपच्या की त्याचा मुलगा अऱ्हिडेअसच्या, यावर अभ्यासक अजून भांडतात. भांडता येते, कारण सगळे जागेवर सापडले. गेटीच्या मालेबद्दल भांडायलाही काही उरले नाही. दागिना न मोडताही मोडता येतो, हे मला इथे कळले.

म्हणूनच १९९४च्या ‘ग्रीक गोल्ड’ या प्रदर्शनाचा ग्रंथ मला मोलाचा वाटतो. ब्रिटिश म्युझियम, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन आणि हर्मिटाज यांचे दागिने त्यात एकत्र आले. लेखक दोन: ग्रीक कलेचे जाणकार डायफ्री विल्यम्स आणि दागिन्यांच्या तंत्राचे जाणकार जॅक ऑग्डेन. प्रत्येक वस्तू कुठे सापडली याच्याबरोबरच तिची तार कशी, पत्रा कसा, सांधा कुठे, हेही ते सांगतात. माझी जुन्या बाजारातून घेतलेली प्रत आता सुटी झाली आहे. त्यात वापरणाऱ्या बायका अजून थोड्या हव्या होत्या, अशी माझी तक्रार आहे. झिजलेली कडी, बदललेला फासा यांवर एक स्वतंत्र प्रकरण झाले असते. पण वाट तीच आहे.

*

आर्किमिडीसची गोष्ट आपण शाळेत शिकतो. सिराक्यूजच्या हिएरो राजाने देवाला वाहण्यासाठी सोन्याची माला करवून घेतली. सोनाराने त्यात चांदी मिसळल्याचा संशय आला. शाळेत सगळा भर पाण्यावर आणि ‘युरेका’वर असतो. व्हिट्रुव्हियसने सांगितलेली कथा नीट वाचली की खरी अडचण कळते. वजन बरोबर भरले होते. माला वितळवली असती तर शंका तासाभरात फिटली असती. पण ती देवाला वाहिलेली, शिवाय कामही अप्रतिम. ती न मोडता जाणून घ्यायची होती. विज्ञानातली ती प्रसिद्ध उडी एका दागिन्याला मोडीपासून वाचवण्यासाठी घेतलेली होती, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठे येत नाही.

नोकरीची शेवटची पाच वर्षे मी पेढीवर तिसरी वही ठेवली. मालकांची हरकत नव्हती. गिऱ्हाइकाला विचारून, मोडीला आलेला दागिना मुशीत जाण्याआधी मी त्याचे टिपण करी. नाव काय, कोणाचा, रवा किती बारीक, सांधा कुठे, डाग नवा की जुना, लाख भरलेली आहे का. चित्रकला येत नसल्याने आकृत्या वाकड्या आहेत. काही बायका ‘कशाला गं’ म्हणत. काही जणी खुर्ची ओढून बसत आणि दागिना कोणत्या कार्याला, कोणी घातला होता ते सांगत, तेही लिहून घेतले. दोनशेच्या वर नोंदी झाल्या. त्यांत जोंधळी पोती अकरा आहेत. आईच्या पोतीचा फासा त्यांपैकी कोणासारखा होता, ते मी अजून पाहत असते.